साहेबांच्या पुढ्यात बेल-भंडारा

माझं माहेर कबनूरचं, बाप यंत्रमागावर कामाला, आमच्या घरात म्हस कुणी बघितलीया, आणि लगीन करून आलो ते गडहिंग्लजजवळच्या ह्या गावात, दारात चार म्हशी. सासू म्हणायची, पोरी, तुझ्या हाताला म्हस पान्हवली, दूध सोडाय लागली, की समज तू घरची झालीस. झालो की मग. काय सांगू पावणं, आज म्हशीला माझाच आवाज लागतोय.

मालक माझं पक्षाचं. पोटाला नसलं तरी चालंल, पक्ष पायजे. दूध संघाचं चेअरमन ते आमचं साहेब. इलेक्शन आलं की मालकच घरोघर ताटात बेल-भंडारा घिऊन जायाचं, उचला म्हणायचं, देवाची शपथ घ्या, मत साहेबांनाच. एकदा उचलला की मोडायचा न्हाय. आमी कवा मोडला न्हाय.

आणि त्याच संघानं माझं दूध परत पाठवलंतं, पाणी घातलंय म्हणून, चारचौघींत. म्हस आजारी होती हो, दूधच पातळ यायचं. रडत घरला आलो तर मालक म्हणलं, संघाचं चुकत न्हाय.

मग पोलिसांनी संघाचाच टँकर धरला. दुधात पावडर आणि कसलं तरी तेल. साहेब आत गेलं. मालक म्हणलं, इरोधकांचा डाव हाय. जामीन झाला तशी मिरवणूक ठरली, हलगी, जेसीबीवरनं गुलाल, आणि बायकांच्यात पुढं ओवाळायला मी. मालक म्हणलं, माझी अब्रू तुझ्या हातात हाय.

गेलो की. ताटात दिव्याशेजारी बेल-भंडारा ठेवला. साहेबांनी मान वाकवली, मी ओवाळलं न्हाय. म्हणलो, साहेब, आमी दर वक्ताला उचलला, आज तुमी उचला आणि म्हणा, दुधात काय न्हवतं. हलगी थांबली. साहेब मालकांकडं बघाय लागलं, मालक ताटाकडं. साहेबांचा हात काय पुढं आला न्हाय. म्हणलं, बाई, देव मधी कशाला. तशी माझ्या जावंनं आपलं ताट खाली ठेवलं, मग तिच्या शेजारणीनं, मग सगळ्यांनी. साहेब न ओवाळताच गाडीत बसलं.

दोन दिसांनी मी धार काढत असताना मालक गोठ्यात आलं. मग म्हणलं, पक्ष आपलाच हाय, पर ह्यो माणूस न्हाय. संघाच्या पुढच्या इलेक्शनला साहेब पडलं आणि संघावर मी निवडून आलो. मालकांनीच गुलाल लावला मला, भर चौकात, डोळ्यात पाणी.

आता टँकर माझ्यासमोर तपासत्यात, मगच गेटाबाहेर. बसा, चहा घेऊन जावा, घरचं दूध हाय, पाणी न्हाय त्यात. म्हणत असशीला तर बेल-भंडारा उचलतो.