ब्रोमाइडचा आकडा आणि मामांचा हात

आदरणीय अध्यक्ष, प्राचार्य हेमचंद्र वैद्य सर, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती, आमच्या प्रयोगशाळेतले दत्ताराममामा, काळाचौकीहून मुद्दाम आलेल्या त्यांच्या पत्नी सुभद्रावहिनी आणि जमलेल्या सर्व मंडळींनो,

मघापासून चौघं बोलले. मामांचा चहा, मामांची चकचकीत काचेची भांडी, मामांचा हसरा स्वभाव. खरं सांगते, ऐकून किळस आली. आमच्या भौतिकशास्त्र विभागात हा माणूस तेहतीस वर्षं काय करत होता, ते कुणी सांगणार आहे का?

त्यातली सत्तावीस वर्षं मोजत होता. अणूजवळ वीज आणली की त्यातले इलेक्ट्रॉन जरासे सरकतात. किती सरकतात, ते सांगणारा आकडा म्हणजे पोलरायझेबिलिटी. मामा पाण्यात कधी क्लोराइडचं, कधी ब्रोमाइडचं मीठ विरघळवायचे, त्यातून प्रकाश किती वळतो ते वाचायचे आणि त्यावरून आम्ही तो आकडा काढायचो. सहा वर्षांपूर्वी ब्रोमाइडच्या आयनाचा, म्हणजे मिठातल्या विद्युतभारित अणूचा, आकडा माझ्या संगणकावरच्या गणितापेक्षा पाव भाग कमी आला.

"मामा, रीडिंग पुन्हा घ्या. जरा वर येऊ दे," मी म्हटलं.

"तीनदा मीठ बदललंय, मॅडम. आकडो तोच येता. खोटा लिवचंय नाय मी."

प्रॅक्टिकलच्या जर्नलात उत्तर बघून रीडिंग लिहायची आपली रीतच आहे, नाही का? हसू नका, तुम्हीही लिहिलीत. मीसुद्धा बसून लिहिली, शोधनिबंध छापला, बढती घेतली. वर मामांच्या गोपनीय अहवालात शेरा मारला: 'हात थरथरतो, वाचन भरवशाचे नाही.' तेव्हापासून कुणी त्यांना उपकरणाला हात लावू दिला नाही. सहा वर्षं ते बाटल्या विसळत राहिले.

गेल्या महिन्यात एमएस्सीच्या आकांक्षाने विचारलं, "मॅडम, गणित तुम्ही एकट्या आयनाचं केलंय. पण तो पाण्यात होता ना? एवढ्या दाटीत त्याचे इलेक्ट्रॉन तितके कसे सरकतील?" पोरीला दहा मिनिटांत दिसलं. मला बघायचंच नव्हतं. स्वतःची शिसारी येते हो.

निबंध मागे घेतल्याचं पत्र आज सकाळी पाठवलं. शेरा खोटा होता आणि तो मीच लिहिला, हेही लेखी देऊन ठेवलंय. सर, कागद तुमच्या टेबलावर आहे. एकतीस तारखेला मामा निवृत्त होतायत. त्याआधी सही करून तो शेरा काढून टाका. शाल-श्रीफळ नंतर दिलं तरी चालेल.

एवढं ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. मामा, तुम्ही मात्र घालू नका.