नानांचा निर्जळी उपास

धाकट्या बहिणीच्या, कमलच्या लग्नाआधी दोन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. काळजी नवरीची नव्हती, नानांची, म्हणजे आमच्या वडिलांची होती. माझ्या लग्नात कन्यादानापर्यंत निर्जळी उपास धरून ते ऐन मंगलाष्टकांत भोवळ येऊन भटजींच्या अंगावर कोसळले होते. आताही हट्ट तोच. "मुलीच्या बापानं एवढं करायलाच हवं!"

मी सातवीची फायनल परीक्षा पास झालेली, म्हणजे शहाणी. लग्न पंचवटीतल्या एका धर्मशाळेत होतं; मुहूर्ताआधी त्यांना तिथल्या कोठीत ओढत नेलं आणि बुंदीचा लाडू पुढे केला. नानांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खाल्ला. वळून बघते तर दारात माझी चार वर्षांची शकू!

"कुणाला सांगायचं नाही हं," मी म्हटलं, आणि म्हणताक्षणीच चूक कळली. या मुलीच्या पोटात काही राहत नाही.

कन्यादान मात्र झकास पार पडलं. पंगतीत नाना इतके खुशीत होते, की स्वतः आग्रह करकरून जिलबी वाढत होते.

तेवढ्यात नव्या विहीणबाई म्हणाल्या, "धन्य आहे हो तुमची! सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. भोवळ येते की काय म्हणून माझाच जीव टांगणीला लागला होता."

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मी शकूकडे. ती जिलबी खाण्यात दंग होती. मी हुश्श केलं.

"खरंच," शकू विहीणबाईंना म्हणाली, "पाणी नाहीच प्यायले आजोबा. लाडू कोरडाच खाल्ला."