पथ्याचा कागद

नाही गं प्रांजली, तो पथ्याचा कागद मी नाही देणार — इथल्या मराठी मंडळातल्या बायका सांगतात ते खरंय, यांचं लिव्हरचं दुखणं दोन वर्षं मी एकटीने काढलं — पण बस, स्वल्प कॉफी घे, सासऱ्यांच्या लिव्हरसाठी आलीस ना, मग ऐकूनच जा. जड पडेल म्हणून डाळ बंद, अंडं बंद, पनीर बंद. कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. कावीळ झाली की मऊ भात नि उसाचा रस, हे माझ्या आईचं, तेच मी पुढे ओढलं. दिवेलागणीला जेवण, मग सकाळपर्यंत पोटात काही नाही. आणि दर सोमवारी वजन — एकाहत्तर, एकाहत्तर, एकाहत्तर. मी फोन करकरून सांगायची, बघा, किलोभरसुद्धा उतरले नाहीत हे! दंडाच्या काड्या झालेल्या, गालफडं बसलेली, शर्टाची बटणं तेवढी लागेनात — मला वाटलं, बसून बसून पोट सुटलं. पाणी होतं ते. मांस झडत होतं नि पाणी भरत होतं, काटा आपला तिथल्या तिथे.

रक्तातलं अल्ब्युमिन निघालं दोन पूर्णांक एक — साडेतीनच्या वर हवं. प्रोटीन असतं गं ते, कमी झालं की पाणी शिरांबाहेर झिरपतं. डॉक्टर म्हणाले, ते लिव्हरच बनवतं, तेच बिघडलंय, सगळा दोष खाण्याचा नाही. सगळा नाही, म्हणाले. म्हणजे थोडा होताच, नाही का?

रडत नाहीये मी. रडूच येत नाही, चैत्रात हे गेले तेव्हापासून — भांडी घासते, पूजा करते, सरी, ठीक आहे म्हणायचं, दिवस जातो. एकदा हे खालच्या देवाप्पांकडे डाळीची हुळी, म्हणजे इथलं सांबार, ओरपताना सापडले. सगळ्यांदेखत मी हातातली वाटी काढून घेतली. ‘चुकलं,’ म्हणाले. अडुसष्ट वर्षांचा माणूस.

आणि दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, डाळ-अंडी कोणी बंद केली यांची? मी तोंड उघडणार — तर हेच म्हणाले, ‘मीच. मला जात नाही. ही बिचारी रोज मागे लागते.’ आणि मी — मी मान डोलावली. डॉक्टरांनी लिहूनसुद्धा घेतलं, पेशंट खायला नकार देतो.

ऊठ तू. राहू दे ती कॉफी. जा, सासऱ्यांना जेवायला वाढ.