जिस्मी नसलेली स्पर्धा

कांजिण्यांतून उठलेली जिस्मी तोंडावर ओढणी घेऊन कोट्टयमच्या कॉलेज कँटीनच्या रांगेत उभी होती. ती संगणक मंडळाची प्रमुख; आपल्यावाचून मंडळाची स्पर्धा बुडाली असणार, या धास्तीने तिने फोनही उघडला नव्हता. पुढे मंडळातलीच, तिला ‘चेची’ म्हणजे ताई म्हणणारी दोन पोरं होती.

“नेतृत्वाचं बक्षीस जिस्मीचेचीला!”

“ती तर अंथरुणात होती.”

“बंद पडलेला सर्व्हर कुणी चालू केला?”

“मी. पोस्टर रंगवणारा!”

“शिकवलं कुणी?”

“चेचीनेच. दर महिन्याला सगळ्यांची कामं आलटूनपालटून बदलायची. काय शिव्या घातल्या मी तिला!”

“सरांनी विचारलं, ‘ती नसताना सांभाळलं कुणी?’ सगळ्यांचेच हात वर. सरांनी तिथल्या तिथे तिचं नाव लिहिलं.”

रांग सरकली, जिस्मी जागीच.

“जिस्मीचेची, सरक ना पुढे!” मागून कुणी ओरडलं.

पुढची दोघं गर्रकन वळली.

“शिव्या प्रेमाने घातल्या हं, चेची!”