हाताची खुर्ची

(लातूर. जिल्हा होऊन वर्ष झालेलं, पावसाचा पत्ता नाही. शेषेराव सुताराच्या दुकानात गौरम्मा, तिची सून महानंदा आणि सुनेच्या कडेवर नऊ महिन्यांची चिन्नू.)

गौरम्मा : ही खुर्ची हाय का माळा? वर बसून लेकरानं ज्वारीवरची पाखरं हाकायचीत का?

शेषेराव : आज्जी, सूनबाईंनी आणलेल्या कॅलेंडरातल्या चित्रात अशीच हाय. उंच पाय, पुढं फळी, फळीवर वाटी. लेकरू वर, भरवणारी समोर.

गौरम्मा : कॅलेंडरातल्या बाईला मांडी नसंल. मला हाय.

महानंदा : आत्या, नुसतं बघायला काय जातंय?

गौरम्मा : बघितलं. वीतभर पायाची कर रे. मी खाली बसून भरवीन.

शेषेराव : वीतभर पायाचा पाट असतो. त्याला सुतार कशाला?

महानंदा : आणि गुडघे?

गौरम्मा : माझ्या गुडघ्यांचं नाव काढू नगंस. परवा रविवारी तुझा दादा येतोय म्हणून काढती ना? म्हातारीचे गुडघे दुखतेत, लेकरू न्या देगलूरला.

महानंदा : तसं नाही. आईच्या आडाला अजून पाणी आहे. सोमवारपासून मी कचेरीत, तुमचा लेक आठवडाभर उदगीरला. तुम्ही एकट्या लेकरू बघणार का टँकर? पाऊस पडेपर्यंतच राहील तिकडं.

गौरम्मा : पाऊस पडेपर्यंत! तवर ती चालाया लागंल, तेलुगू बोलाया लागंल. मला वळखंल का?

शेषेराव : कचेरी म्हंजे कलेक्टरची? मग ह्या तुमच्याच खुर्च्या की! साठ करून राहिलो. हातवाल्या साहेबांच्या, बिनहाताच्या कारकुनांच्या. तुमची कोणती?

महानंदा : बिनहाताची. आलेल्या अर्जांवर नंबर घालायचे.

शेषेराव : अन् हिच्या खुर्चीला तर हात लागतेत, न्हाईतर पडंल. लेक साहेब, आई कारकून!

गौरम्मा : साहेबच हाय. सकाळधरनं माझं डोस्कं खाऊन राहिली.

महानंदा : आता तुमची टेप खातेय. काढा हो तोंडातनं.

शेषेराव : माप मात्र लवकर घेऊ. टँकर आला की मला पळावं लागतंय. मंगळवारी तुमच्याच आळीत भरलो, दोन ड्रम.

महानंदा : कोणत्या मंगळवारी?

शेषेराव : ह्याच की. अकराच्या सुमाराला. लई हॉर्न मारला त्यानं. तुमचं दार लोटलेलं होतं.

महानंदा : आत्या, तुम्ही तर म्हणालात टँकर आलाच नाही.

गौरम्मा : लेकराला उचकी लागली बघ.

महानंदा : नाही लागली. आत्या, मी अर्ज दिलाय. टँकरवाल्यानं आमची आळी मुद्दाम टाळली म्हणून, चांगला दोन पानी. सोमवारी तो माझ्याच टेबलावर येणार, अन् मीच त्याला नंबर घालणार.

गौरम्मा : तुला कुणी सांगितलं होतं? शिकलेल्या माणसाचं हेच. घसा कोरडा पडला की अर्ज.

महानंदा : काय झालं होतं ते सांगा.

गौरम्मा : आला होता टँकर. मी हिला मांडीवर घेऊन पेज भरवत होते. पाय आखडले. उठायचं तर भिंत धरायला दोन्ही हात लागतेत. खाली ठेवली तर ही चुलीकडं रांगती. लई हाका मारल्या. हंड्यांच्या गोंधळात कोण ऐकतंय? मग हॉर्न लांब गेला. ही झोपली. मी बसले, तू येईस्तोवर.

महानंदा : मी एक वाजता आले.

गौरम्मा : दीड.

महानंदा : मला का नाही सांगितलंत?

गौरम्मा : सांगितलं असतं तर तुझा दादा बुधवारीच आला असता.

शेषेराव : मी... चहा सांगू का?

महानंदा : नको. शेषेराव, त्या उंच खुर्चीला कमरेचा पट्टा बसेल का?

शेषेराव : बसंल की. चामड्याचा लावतो.

महानंदा : मग उंचीचं माप लेकराचं नको, आत्यांचं घ्या. आत्या, बसा त्या हातवाल्या खुर्चीवर.

गौरम्मा : ह्या? साहेबाच्या?

शेषेराव : बसा आज्जी, साहेब अजून यायचाय.

महानंदा : हात पुढं करा, चमचा धरल्यासारखा. हां. शेषेराव, फळी एवढ्या उंचीला. आणि आत्या बसल्यात तसलीच एक खुर्ची घरी पाठवा.

गौरम्मा : मला कशाला खुर्ची?

महानंदा : उठा बरं. भिंत नाही, खुर्चीचे हात धरून.

शेषेराव : सावकाश, आज्जी... उठल्या की!

गौरम्मा : अन् देगलूर?

महानंदा : दादाला तार करते, येऊ नको म्हणून. टँकर आला की तुम्ही दारात जाऊन शेजारच्या पार्वतम्मांना हाक मारायची. त्या भरून देतील. अन् सोमवारी आधी माझा अर्ज मागं घेते. त्या बिचाऱ्यानं हॉर्न तर मारला होता.

शेषेराव : रविवारी दोन्ही आणून देतो. कचेरी राहील दोन दिवस उभी.

गौरम्मा : शेषेराव, माझ्या खुर्चीचे हात जरा भक्कम ठेव बाबा. हॉर्न वाजला की उठायचंय.