झिंबोऱ्यावरचं लगीन

...आन् वर शाळावाले म्हणतात, पालकांनी मदत करायची नाय! मला सांगा, पोरगी नववीत, प्रकल्प कशाचा? तर एक मनानं ग्रह काढा, त्याच्यावर झाडं उगवा, आन् त्या झाडांना लेकरंबाळं कशी व्हतात ते लिहा. चित्रासकट! अट एकच... पृथ्वीवर असलेलं काहीबी चालायचं नाय, सापडलं की नाव कटाप. जिल्ह्याच्या प्रदर्शनाला शाळेतून एकच जण जाणार, आन् आमच्या राजनंदिनीनं ते असं मनाला लावून घेतलं की चार दिवस ताटावरनं अर्धपोटी उठली. तुम्हाला सांगतो, पोरगी जेवली नाय ना, तर बापाला घास गोड लागत नाय!

ग्रहाचं नाव ठेवलं झिंबोरा. मी म्हणलं, झकास! पण घरात आमची गोजरआत्या. आमचा सीताफळाचा मळा दौलताबादला, त्या मळ्यात तिची हयात गेली; आता गुडघ्यानं दगा दिला म्हणून शहरात गारखेड्याला, आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर. पोरगी आली नाचत, "पप्पा, झिंबोऱ्यावर एक झाड आहे, त्याला मूळ नाही, पान नाही, नुसते पिवळे दोरे, आणि ते दुसऱ्या झाडाचा रस पिऊन जगतं!" मी वा म्हणायला तोंड उघडलं, तोच सोफ्यावरनं आवाज... "अमरवेल व्हय? ही तर आपल्या बांधावर हाय!"

गेलं! कागद टराटरा फाडला. दुसऱ्या दिवशी नवीन. "पप्पा, या झाडाला बी लागतच नाही, पान खाली पडलं की पानाच्या कडेनंच पिल्लं फुटतात!" मी सोफ्याकडं बघतोय, हात जोडतोय, आत्या, आज गप ऱ्हा... "पानफुटी! आपल्या बांधावर हाय!" तिसऱ्या दिवशी शेंग. हात लावला की फट्‌कन फुटती आन् बिया बंदुकीवानी उडत्यात. "तेरडा गं बाई. आपल्या बांधावर..." अरे काय बांध हाय का अजायबघर! देवानं सगळं आमच्याच बांधावर आणून टाकायचं काहून?

पोरगी रडाया लागली. उद्या प्रकल्प द्यायचा, वही कोरी. आन् मंग... आता तुमच्यापासून काय लपवायचं, माझ्या हातनं पाप झालं. आत्याच्या कानावर जाऊ नये म्हणून पोरीला खाली पार्किंगमधी नेलं, स्कूटीवर बसवलं आन् म्हणलं, लिही! आता बापानं पोरीला ते पुनरुत्पादन सांगायचं कसं? जीभच वळंना. मळ्यात आम्ही त्याला लगीन लावणं म्हणतो, मंग तसंच सांगितलं. "झिंबोऱ्यावर एक झाड हाय. त्याचं फूल अर्धं उमललं की बाईमाणूस, आन् तेच फूल दुसऱ्या दिवशी पुरतं उमललं की बाप्यामाणूस! त्यामुळं त्याचं त्यालाच लगीन लावता येत नाय. मंग एक माणूस पहाटं ब्रश घेऊन येतो, बाप्या फुलाची पिवळी भुकटी घेतो, बाई फुलाला लावतो. लागलं लगीन! नाय लावलं तर फळ वाकडं." पोरीनं माझ्या गळ्यात हात टाकले. "पप्पा, तुम्ही हे कुठून काढलं?" कुठून काढलं म्हणजे? सकाळी साडेसहाला तेच करून आलो होतो! सीताफळ हाय ते! पण पोरगी मळ्यात येती दिवाळीला, फळ खायला. तिला काय ठाव?

आला निकालाचा दिवस. शाळेचा हॉल गच्च. परीक्षक म्हणून बाहेरगावचे साहेब, ग्रहताऱ्यांचा मोठा अभ्यास. आत्या हट्टानं आली, पहिल्या रांगेत. मी घामाघूम! राजनंदिनी काय बोलली म्हणता... "आजची नवरी, उद्याचा नवरदेव!" टाळ्या! आन् टाळ्या थांबल्या तशी आत्या काठी टेकून उभी. "अगं पोरी, हे तर आपलं सीताफळ! आन् हे बांधावर नाय, मळ्यात हाय!"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. आन् ती पोरगी, तुम्हाला सांगतो, माझ्यापेक्षा मोठी निघाली. माईकवर म्हणाली, "सर, मला माहीत नव्हतं. पण आमची आजी खोटं बोलत नाही. माझं नाव काढा." मी ताडकन उठलो. "साहेब, चूक माझी हाय. मीच लावतो ती लग्नं, रोज पहाटं, ब्रशनं. पोरीला शिक्षा नको!"

साहेब हसाया लागले. असे हसले की चष्मा काढून डोळे पुसले. "अहो, सीताफळ मी लहानपणापासून खातोय! फूल आज बाई, उद्या पुरुष? काय कल्पना! आणि प्रेक्षकांत आजी बसवल्या, वडील बसवले... वा वा, नाटकासकट!" मी म्हणलं साहेब, खरंच! आत्यानं तर शपथ घेतली! जेवढं खरं सांगावं तेवढा माणूस जास्त हसतोय. वर्गशिक्षिका तेवढ्या गालात हसत होत्या, त्या पडेगावच्या, त्यांच्या परसात सीताफळ. पण त्यांनीबी मंग पुढं येऊन सांगितलं, व्हय सर, खरं हाय. साहेब म्हणाले, "असं? मग पोरीनं भर सभेत कबूल केलं, तेच मला जास्त आवडलं. जाऊ द्या हिला जिल्ह्याला, पण नवीन झाड घेऊन!"

सुटलो! अहो, छातीवरचा धोंडा उतरला. पोरगी हसली, आत्या हसली, मी तर भर हॉलमधी रडलो. गुणपत्रक हातात आलं, साहेबांनी ते नाटक समजून हसतानाच भरलेलं. झाडाला पैकीच्या पैकी. फुलाला पैकीच्या पैकी. खाली लाल शाईनं शेरा... "ब्रश घेऊन फिरणारे वडील पटत नाहीत. दोन गुण वजा."

आता बोला! झाड पटलं, फूल पटलं, मीच तेवढा पटलो नाय. घरी येऊन बायकोला दाखवलं. तर मोनिका काय म्हणती? "त्यांनी तर तुम्हाला दहाच मिनिटं बघितलं. मी सतरा वर्सं बघतीय, मला अजून पटंना."