बारा ग्रॅम

लेक : बाबा, ठेवा तो स्क्रू-ड्रायव्हर. काट्याला लॅपटॉप जोडलाय. तो म्हणतोय एक किलो वजन ठेवा, बाकी मी बघतो.

बाप : म्हणजे शेवटी वजन आमच्याकडंच मागतोय ना? मग शहाणा कसला? ठेव आपलं पितळी.

लेक : ते नको. लॅबमधून सीलबंद आणलंय.

बाप : बावीस वर्षं दवाखान्यातले बाळांचे काटे ह्याच वजनावर लावले मी, हातानं. दर शनिवारी पावडर लावून घासतो. तोंड बघून घे त्यात!

लेक : बघितलं. पण काल लॅपटॉपवर नऊशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम भरलं ते.

बाप : लॅपटॉप थापा मारतोय.

लेक : मलाही तसंच वाटलं. म्हणून तो बंद केला आणि तुमचा जुना तराजू काढला. एका पारड्यात सीलबंद, दुसऱ्यात तुमचं. तुमचं वर गेलं, बाबा.

बाप : वारा असेल.

लेक : दार लावून, पंखा बंद करून तीनदा केलं. घासून घासून झिजलंय हो ते.

बाप : (स्टूल ओढून बसत) माहितेय मला.

लेक : काय?

बाप : गेल्या वर्षी दवाखान्यात कंपनीतून नवा काटा आला ना, त्यानंही ह्याचे बारा ग्रॅम कमी दाखवले. मी त्याच्या सात पिढ्या काढल्या. आणि आतला स्क्रू पिळून त्याला माझ्या वजनावर आणला.

लेक : चांगला काटा बिघडवलात?

बाप : मग काय करू? मशीन चुकेल, माझा हात चुकायचा नाही, असं गावभर मिरवलेलं.

लेक : तुमचं वजन हलकं, म्हणजे काटा जास्त दाखवणार. तिथं दोन किलो भरलं की बाळाला घरी सोडतात.

बाप : किती आधी सुटली असतील पोरं?

लेक : चोवीस ग्रॅम. एखादा दिवस.

बाप : काचेच्या पेटीतल्या जिवाला एक दिवस म्हणजे काय गं... सिस्टर म्हणते, काका, तुम्ही हात लावला की मी परत बघत नाही.

लेक : फोन मी करू का?

बाप : नको. लाव नुसता. बोलतो मी.

लेक : लागला, घ्या.

बाप : सिस्टर? काटेवाला काका. आज त्या काट्यांवर कुणाला घरी सोडू नका. नाही, मशीन चांगलंय. मीच चुकीचं लावलंय. हो... वर्षभर माहीत होतं. येतो, आत्ताच येतो.

लेक : काय म्हणाल्या?

बाप : ‘या’ म्हणाली आणि फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लेक : चला. लॅपटॉप घेतला, सीलबंद घेतलं. हे पितळी?

बाप : घे. दाखवायला लागेल तिला.

लेक : बोटांचे डाग पडलेत. फडकं कुठंय?

बाप : राहू दे. पुसू नकोस.